भित्रोबाचा पहारा

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. काठी आणि कंदील घेऊन गल्लीत फिरणारा नव्हे. मी पत्र्याची एक करडी पेटी आहे. तोंडावर तीन बारके दिवे, डोक्यावर पितळेची घंटा. मी विजेवर पहारा ठेवायचो. राखणदार म्हटल्यावर तुम्हाला मिशा पिळणारा, छाती पुढे काढून चालणारा एखादा गडी आठवला असेल. माझ्यात तसलं काही शोधू नका. मी जन्मलो त्या दिवसापासून भीत आलोय, आणि आत्ता तुमच्याशी बोलतानाही मला भीती वाटतेच आहे. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म कलकत्त्याचा. बालीगंजमध्ये डॉक्टर श्यामलाबाईंचं छोटंसं प्रसूतिगृह होतं. खाली बाळंतिणींच्या खोल्या आणि वर बाईंचं बिऱ्हाड. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दारात बंगाली आणि फाटकाबाहेर हिंदी, असा सगळा कारभार. श्यामलाबाईंचा धाकटा भाऊ श्रीकांत हावड्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. दुसरी जागतिक लढाई संपली तेव्हा परदेशी फौजांनी मागे टाकलेलं सामान चांदनी बाजारात ढिगांनी विकायला आलं. रविवार उजाडला की श्रीकांत तिकडे जायचा आणि रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह, तारा, खटके असलं काहीबाही पिशवीत भरून आणायचा. त्यातूनच त्यानं मला जुळवलं. माझ्या पोटातला एक खटका म्हणे बाँबफेकी विमानातला आहे. तो बिचारा माझ्याकडे येण्याआधीच पुरता भेदरलेला असणार. माझा स्वभाव असा का, याचं खापर मी त्याच्यावरच फोडतो.

मला बनवण्याचं कारण म्हणजे उबेची पेटी. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं फार नाजूक असतात. त्यांना स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणून बाईंनी काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी करून घेतली होती. तिच्या तळाशी विजेचे दिवे, त्यांच्यावर जाळी आणि जाळीवर कापसाच्या गादीत बाळ. दिव्यांच्या उबेवर बाळ वाढायचं. पण आमच्या गल्लीतली वीज लहरी होती. कधी मरगळायची, कधी उधळायची. मरगळली की पेटी गार पडायची, उधळली की पेटी तापायची. बाळाला दोन्ही सोसायचं नाही.

मालतीकाकूंना मी काय चीज आहे ते कळेना. त्या बाईंच्या आणि श्रीकांतच्या विधवा चुलती. घर त्याच चालवायच्या. श्रीकांतनं त्यांना समजावलं. "काकू, तू दूध तापत ठेवतेस तेव्हा काय करतेस?"

"काय करणार? शेगडीपाशी बसते. आच विझू द्यायची नाही आणि दूध उतू जाऊ द्यायचं नाही."

"ही पेटी तेच करणार. विजेच्या जोराला व्होल्टेज म्हणतात. हिच्या पोटात दोन पहारेकरी आहेत. एकाचं लक्ष खालच्या रेघेवर, दुसऱ्याचं वरच्या. वीज दोन्ही रेघांच्या मध्ये असली की मधला हिरवा दिवा. खालची रेघ ओलांडली की डावा दिवा, वरची ओलांडली की उजवा. आणि दोन्ही वेळेला घंटा."

"आणि मग वीज सरळ करणार कोण?"

"ते माणसानं करायचं. शेजारी हा ट्रान्सफॉर्मर ठेवलाय. त्याची मूठ उजवीकडे फिरवली की वीज चढते, डावीकडे फिरवली की उतरते."

"म्हणजे ही मेली नुसती ओरडणार! हात नाही, पाय नाही, बसल्या जागी घाबरायचं. अगदी भित्रोबा आहे."

झालं. श्रीकांतनं मला मोठ्या हौसेनं 'राखणदार' म्हटलं होतं, पण घरभर नाव पडलं ते भित्रोबा. मला वाईट वाटलं, तरी काकूंचं काही चुकलं नव्हतं. बाळ माझ्यापासून दोन हातांवर निजलेलं असायचं. त्याच्या गादीखालची वीज माझ्यातूनही वाहायची. ती घसरू लागली की सगळ्यांच्या आधी मला कळायचं, आणि ओरडण्यापलीकडे मला काही करता यायचं नाही. कुणी आलंच नाही तर? हा विचार माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. बाहेरचे डॉक्टर मला बघायला यायचे. मी ओरडलो की सुचित्रा नर्स हातातलं काम टाकून धावत यायची. ती बंगाली. काकूंच्या हाताखाली मराठी शिकली, पण तिची मराठी आपल्या वाटेनं चालायची. "हा पेटी किती रडतो गो, काकीमा!" असं म्हणत ती मूठ फिरवायची, हिरवा दिवा लागायचा आणि मी गप्प व्हायचो. माझ्या पहाऱ्यात किती बाळं मोठी होऊन घरी गेली! प्रत्येक बाळ गेलं की मी जरा सुटकेचा निःश्वास टाकायचो, तोवर दुसरं यायचं.

आता अशाच एका वर्षीची गोष्ट सांगतो. दुर्गापूजेचे दिवस तोंडावर आले होते. उज्ज्वला नावाची एक बाई आमच्याकडे बाळंत झाली. तिचे यजमान दिगंबरराव पोस्टखात्यात अधिकारी, बदली होऊन नुकतेच नागपुराहून आलेले. तिला बंगालीचं अक्षर कळत नव्हतं आणि या शहरात तिचं जवळचं असं कुणी नव्हतं. तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर दोनच दिवस जगलं होतं. आता ही मुलगी दिवस भरायच्या आधीच आली, आणि ती इतकीशी होती की सुचित्रानं तिला गादीवर ठेवलं तेव्हा कापूसच जास्त दिसत होता.

उज्ज्वला माझ्याइतकीच भित्री निघाली. जरा उठून बसता येऊ लागलं तशी ती पेटीपाशी स्टूल ओढून बसायची. बाळाची छाती हलते ना, ते बघायची. मग माझा हिरवा दिवा बघायची. मग पुन्हा बाळाची छाती. बाई रागवायच्या. "उज्ज्वला, असं डोळ्यांत तेल घालून बसलीस तर तूच आजारी पडशील. इथे नर्स आहे, मी आहे. इतकं भिऊ नये गं."

"नाही भीत, डॉक्टरबाई," असं ती म्हणायची आणि तिथेच बसून राहायची.

काकू तर हसायच्याच. "एक भित्रोबा होता, आता भित्राई पण आली. जोडी छान जमली!"

मला मात्र तिचा फार आधार वाटायचा. मी एकटाच भीत नाही, एवढं कळलं तरी भीती थोडी हलकी होते.

पूजा सुरू झाली. आमच्या समोरच्या मोकळ्या जागेत मोठा मांडव पडला. दिव्यांच्या माळा, दिव्यांची कमान, मूर्तीच्या मागे दिव्यांचं चक्र. आजूबाजूच्या गल्ल्यांतही तेच. मुलांना ते बघून आनंद होत होता, मी मात्र एकेक दिवा मोजत होतो. कारण ते सगळे दिवे आमच्याच तारेवरची वीज पीत होते. संध्याकाळ झाली की वीज खाली खाली जायची, माझा डावा दिवा लागायचा आणि मी घंटा बडवायचो. सुचित्रा यायची, मूठ उजवीकडे फिरवायची. थोड्या वेळानं आणखी कुठे दिवे लागले की पुन्हा घंटा, पुन्हा मूठ उजवीकडे. शेवटी तर मूठ जवळजवळ टोकाला गेली, आणि मांडवातले दिवे दिवसाही जळत असल्यामुळे ती तिथेच ठेवून दिली. घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच गणित बसलं. भित्रोबा ओरडला, मूठ उजवीकडे.

मग दसरा आला. बंगाल्यांची त्या दिवशी विजयादशमी, देवीला निरोप द्यायचा दिवस. आपल्याकडे सोनं लुटायचं आणि हत्यारांची पूजा करायची. इथे आपटा मिळत नाही म्हणून काकू कांचनाची पानं आणायच्या. सकाळीच त्यांनी बाईंचे चिमटे, कात्र्या, वजनाचा काटा, सगळं पाटावर मांडून पूजा केली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती द्यायची, ही त्यांच्या माहेरची रीत. मग त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"श्यामला, याला आज बंद कर. वर्षभर ओरडतोय बिचारा, एक दिवस विसावा नको का त्याला?"

उज्ज्वला स्टुलावरून ताडकन उठली. बाई म्हणाल्या, "काकू, आत बाळ आहे. त्याला बंद नाही करता येणार. पूजा हवी तेवढी कर."

काकूंना ते पटलं. रीत मोडायची नाही आणि बाळालाही धक्का लागायला नको, म्हणून त्यांनी चालू पेटीचीच पूजा मांडली. माझे तीन दिवे म्हणजे माझे डोळे, असं समजून तिन्हींवर कुंकवाची बोटं ओढली. मग हार घेतला. हावडा पुलाजवळच्या फूलबाजारातला झेंडूचा हार म्हणजे काय विचारता! मनगटाएवढा जाड आणि ताजा राहावा म्हणून पाण्यात बुडवून काढलेला. तो माझ्या गळ्यात घालायचा, तर माझा गळा कुठला? काकूंना घंटाच डोकं वाटली. घसरू नये म्हणून त्यांनी दोन वेढे दिले आणि उरलेला माझ्या तोंडावरून खाली सोडला. ओली फुलं घंटा आणि तिच्यावर आपटणारी बारकी हातोडी यांच्या मधोमध गच्च बसली.

मला बोलता येत असतं तर मी म्हणालो असतो, "काकू, पाया पडतो, एवढं करू नका." पण काकूंनीच मला हात जोडले. केवढ्या मायेनं जोडले! आणि त्या निघून गेल्या. माझा हिरवा दिवा झाकला गेला होता, पण पूजेचा हार सरकवायचा धीर उज्ज्वलाला झाला नाही. फुलांच्या फटींतून मला खोली जेमतेम दिसत होती. आपलं तोंड बांधलंय हे मला कळत होतं, आणि ते मी कुणालाही सांगू शकत नव्हतो. मित्रांनो, तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

दुपार बरी गेली. दिवेलागण झाली, वीज नेहमीसारखी उतरली, पण मूठ वरच होती म्हणून निभावलं. मग समोर ढाक वाजू लागले. ढाक म्हणजे बंगालचा मोठा ढोल, आणि असे पाच-सहा. बायकांनी देवीला सिंदूर लावला, एकमेकींच्या गालांना फासला. मूर्ती उचलायची वेळ झाली तसे घरातले सगळे व्हरांड्यात गेले. काकू गेल्या. बाईही क्षणभर गेल्या. सुचित्रा दारात घुटमळली.

"भाभी, मी दोन मिनिट बघून येतो. मां चालली. तू बस ना?"

"मी कुठे जाणार?" उज्ज्वला म्हणाली. सगळं कलकत्ता देवीला बघायला रस्त्यावर आलं होतं आणि ही बाई एका पेटीकडे बघत बसली होती.

मूर्ती गाडीवर चढली, गाडी हलली, आणि मांडवातले दिवे एकदम विझले.

माझ्या आत वीज उसळली. इतके दिवस तिला खाली ओढणारे दिवे गेले आणि मूठ तर वर टोकाला! वीज वरच्या रेघेला टेकली. मी म्हटलं, देवा, इथेच थांबू दे. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला मांडव विझला. वीज आणखी चढली. रेघ ओलांडली. माझा खटका पडला, उजवा दिवा लागला, घंटेची हातोडी जिवाच्या आकांतानं हलू लागली, आणि ओल्या झेंडूवर थपथप आपटत राहिली. आवाज नाही. फुलांमागे दिवा दिसत नाही. तिकडे बाळाच्या गादीखालचे दिवे पांढरेफटक पेटले होते. काच तापत होती. मी ओरडत होतो आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं. आणखी एक मांडव विझला.

मला वाटलं, संपलं.

पण माझ्या पोटातला तो विमानातला खटका अस्वस्थ झाला की टकटक करतो. घंटेपुढे तो आवाज कधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. उज्ज्वला मात्र इतके दिवस माझ्या शेजारी कान लावून बसली होती. घंटा वाजायच्या आधी खटका वाजतो, हे तिला ठाऊक झालं होतं. तिनं मान वर केली. टकटक ऐकली आणि घंटेची वाट पाहिली. घंटा वाजली नाही.

"सुचित्रा!" तिनं हाक मारली. ढाकांच्या दणदणाटात ती हाक दारापर्यंतही पोचली नाही. "डॉक्टरबाई! अहो, कुणीतरी या हो!"

कुणी आलं नाही. विजेच्या कशालाही हात लावायचा नाही, अशी तिला सक्त ताकीद होती, आणि विजेला ती फार भ्यायची. तरी ती उठली. तिचा हात मुठीकडे गेला आणि रोज सुचित्राचं पाहिल्यामुळे उजवीकडे वळू लागला.

उजवीकडे नको! बाई गं, उजवीकडे नको! माझा एकेक व्हॉल्व्ह हेच म्हणत होता, पण हातोडी फुलांतच थपथपत होती.

ती थबकली. का थबकली, ते तिनं नंतर सांगितलं. "मला वाटलं, आधी दिवा बघावा. उगाच काही चुकलं तर? मला भीतीच वाटली." तिनं दोन्ही हातांनी हार धरला आणि ओरबाडून काढला. घंटा सुटली आणि खणखणू लागली, पण ढाकांपुढे तिचं काय चालणार! माझे तिन्ही दिवे कुंकवानं लाल झालेले. कुठला पेटलाय ते कळेना. तिनं पदर घेऊन एकेक पुसला. डावा विझलेला. मधला विझलेला. उजवा पेटलेला.

तिनं मूठ डावीकडे फिरवली. एक घर, मग आणखी एक, मग आणखी एक. वीज माझ्यातून उतरत गेली. हिरवा दिवा लागला आणि घंटा थांबली.

पण पेटीत बाळ लालबुंद झालं होतं आणि रडत नव्हतं. उज्ज्वलानं काचेचं झाकण उचललं. हाताला चटका बसला तरी सोडलं नाही. एव्हाना ढाक गल्लीच्या वळणापलीकडे गेले होते, आणि तिची किंकाळी वर-खाली सगळीकडे ऐकू गेली. बाई धावत आल्या. त्यांनी बाळाला उचललं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, तोंडात पाण्याचे थेंब सोडले. सुचित्राच्या गालांवरचा सिंदूर तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं ओघळत होता. मी हिरवा दिवा घट्ट धरून बसलो होतो. दुसरं मी काय करणार?

मग बाळानं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखं किरटं रडलं. मी आजवर इतकं गोड काही ऐकलेलं नाही.

काकू खाली बसून ओक्साबोक्शी रडल्या. "मीच गं त्याचं तोंड बांधलं! देव म्हणून हार घातला आणि त्याचं तोंडच बांधलं!" बाईंनी त्यांना उठवलं. मग त्या उज्ज्वलाकडे वळल्या. तिचा पोळलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"तुला मी रोज सांगत होते, भिऊ नकोस म्हणून," त्या म्हणाल्या. "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस."

ती मुलगी जगली. थंडीत ती आईच्या कुशीत बसून टॅक्सीनं घरी गेली. जाताना उज्ज्वलानं मला नमस्कार केला नाही, की फूल वाहिलं नाही. तिनं फक्त माझ्या घंटेवर टिचकी मारून बघितलं, नीट वाजते ना म्हणून. त्यानंतर काकूंनी मला पुष्कळ वेळा हार घातले, पण ते नेहमी पायाशी.

दिवस गेले. माझे व्हॉल्व्ह थकले आणि चांदनी बाजारात तसले मिळेनासे झाले. श्रीकांतची बदली दूर झाली. मग एके दिवशी परदेशी बनावटीची नवी पेटी आली. गुळगुळीत, पांढरी, ऊब आणि पहारा दोन्ही एकाच पोटात. माझी तार काढली आणि मला बाळांच्या खोलीसमोरच्या बोळातल्या कपाटावर ठेवलं. इथून त्या खोलीचं दार दिसतं, अर्धं उघडं असलं तर. माझे दिवे आता कधीच लागत नाहीत. वीज चढते की उतरते, मला काही कळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझी गोष्ट सांगतात, "यानं एका बाळाचा जीव वाचवला." ते खरं नाही. मी नुसता भ्यालो. जीव वाचवला तो माझी भीती ऐकणाऱ्या बाईनं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र उगाच कटकट करत असेल, तर त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. एखादं माणूस उगाच घाबरत असेल, तर त्याला हसण्याआधी ते कशाकडे बघतंय तेवढं बघा. मी म्हातारा झालो आहे, मला एवढंच मागायचं आहे.

नाही, आणखी एक मागायचं आहे. काल त्या खोलीत एक नवं बाळ आणलं. फार लहान आहे म्हणतात. नव्या पेटीला घंटा नाही, तिच्या इशाऱ्याचा आवाज मऊ आहे, आणि तो लहान-मोठा करायला एक बटण आहे. संध्याकाळी बाळाला बघायला पाहुणे आले. त्यांना त्रास नको म्हणून कुणीतरी ते बटण खाली फिरवलं. ते मी पाहिलं. मग दार लोटलं गेलं. पाहुणे गेले. बटण परत वर केलं की नाही, ते मला दिसलं नाही.

तेव्हापासून खोलीतून काही आवाज येत नाही. सगळं ठीक असेल म्हणूनही येत नसेल. पण मला फार भीती वाटते आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी इकडून जात असेल, तर जरा आत जाऊन तेवढं बटण बघाल का?